लाळेतील कॉर्टिसॉल आणि ‘थकलेली’ ग्रंथी

सकाळी उठवत नाही, दुपारी अंग गळून जाते, रात्री मात्र थोडी हुशारी वाटते, खारट खावेसे वाटते, कामात लक्ष लागत नाही. ही यादी एखाद्या शाळेच्या शिक्षक-दालनात वाचून दाखवली, तर आपले एकही लक्षण तीत सापडले नाही असे म्हणणारा शिक्षक विरळाच. या लक्षणांच्या समूहाला अमेरिकेतील जेम्स विल्सन यांनी १९९८ साली ‘अ‍ॅड्रिनल फटीग’, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींचा थकवा, असे नाव दिले. विल्सन हे निसर्गोपचार व कायरोप्रॅक्टिक या शाखांचे पदवीधर. २००१ साली या विषयावरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि लोकप्रिय झाले. त्यातील मूळ प्रतिपादन असे की, दीर्घकाळ ताण सोसून अधिवृक्क ग्रंथी थकतात व त्यांना पुरेसे कॉर्टिसॉल बनवता येत नाही. हे मत मानणारे उपचारक सहसा दिवसातून चार वेळा लाळेचे नमुने घ्यायला सांगतात, त्यांतील कॉर्टिसॉलचा आलेख काढतात आणि त्यावरून ग्रंथी कितपत थकली आहे हे ठरवतात. समाजमाध्यमांतून हा विचार आता आपल्याकडच्या शहरांतही पोहोचला आहे.

या प्रतिपादनाची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. लाळेतील कॉर्टिसॉल मोजण्याची पद्धत चांगली आहे व ती विज्ञानाने कष्टाने मिळवलेली आहे. दोष आहे तो त्या आकड्याला विचारलेल्या प्रश्नात. हा आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, नेमका तोच प्रश्न त्याला विचारला जातो. विज्ञान शिकवणाऱ्यांना या प्रकरणाचे महत्त्व वाटावे ते एवढ्याचसाठी.

ग्रंथी आणि तिचा कारभार

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. वजन अवघे चार-पाच ग्रॅम. तिचा आतला भाग, मध्यक, अ‍ॅड्रिनलिन बनवतो. बाहेरचा भाग, बाह्यक, जी अनेक संप्रेरके बनवतो त्यांपैकी एक म्हणजे कॉर्टिसॉल. रक्तातील साखर टिकवणे, रक्तदाब सांभाळणे, दाहाला आवर घालणे ही त्याची कामे. कॉर्टिसॉलला ‘ताणाचे संप्रेरक’ म्हणण्याची रीत पडली आहे. पण ताण नसतानाही ते रोज तयार होते आणि त्याच्याविना माणूस जगू शकत नाही.

ही ग्रंथी आपल्या मर्जीने काम करत नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो, पीयूषिका एसीटीएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते आणि त्या हुकमावर अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तेच मेंदूकडे उलट पोहोचून हुकूम मंद करते. टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो, तशीच ही व्यवस्था. ही ऋण प्रत्याभरणाची साखळी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दिवसभरात कॉर्टिसॉलची पातळी सारखी बदलते. पहाटे ती चढू लागते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेते, मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. या उतारावरही तासा-दीड तासाने लहान लहान लाटा येतच असतात.

लाळच का?

रक्तातील कॉर्टिसॉलपैकी ९० ते ९५ टक्के प्रथिनांना बांधलेले असते. पेशींत शिरून काम करते ते उरलेले मोकळे कॉर्टिसॉल. हे मोकळे रेणू मेदात विरघळणारे असल्याने लाळग्रंथींच्या पेशींतून सहज पार होतात. त्यामुळे रक्तातील मोकळ्या कॉर्टिसॉलच्या मागोमाग लाळेतील प्रमाण वरखाली होते; लाळ कमी सुटली की जास्त, याने त्यात फारसा फरक पडत नाही. शिवाय सुई टोचावी लागत नाही. सुईची भीती हाही एक ताणच, आणि तो कॉर्टिसॉल वाढवतो. घरच्या घरी, मध्यरात्रीसुद्धा नमुना घेता येतो. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तातील बांधून ठेवणारे प्रथिन वाढते व रक्तातील एकूण कॉर्टिसॉलचा आकडा फुगतो. लाळेच्या चाचणीत ही फसगत बरीच टळते.

या गुणांमुळे मानसशास्त्राच्या संशोधकांना हे साधन फार उपयोगी पडले. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात किर्शबाउम, पिर्के आणि हेलहामर यांनी १९९३ साली एक प्रयोगपद्धती प्रसिद्ध केली. माणसाला अनोळखी परीक्षकांपुढे भाषण करायला लावायचे, मग तोंडी गणिते घालायची आणि ठराविक अंतराने लाळ गोळा करायची. बहुतेकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल स्पष्टपणे चढते. तोंडी परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांना याचे नवल वाटू नये!

रोगनिदानातही लाळेला मानाचे स्थान आहे. कुशिंग रोगसमूहात शरीरात कॉर्टिसॉल फार वाढते आणि रात्री जी पातळी तळाला जायची ती जात नाही. म्हणून रात्री झोपताना घेतलेल्या लाळेत कॉर्टिसॉल जास्त आढळले, तर ती धोक्याची खूण ठरते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २००८ साली दिलेल्या मार्गदर्शनात या रोगाच्या प्राथमिक चाचण्यांत रात्रीच्या लाळेचा समावेश आहे आणि ती किमान दोनदा तपासावी असे म्हटले आहे. निरोगी माणसात हे प्रमाण सहसा लिटरला दीड मायक्रोग्रॅमच्या आत असते. येथे प्रश्न नेमका आहे : ‘जे नसायला हवे ते आहे का?’ त्यामुळे उत्तरही नेमके मिळते.

नमुना घेतानाचे खाचखळगे

मायक्रोग्रॅमच्या हिशेबात काम करताना लहानशी चूकही मोठी ठरते. दात घासताना हिरडीतून रक्त आले, तर रक्तातील कॉर्टिसॉल लाळेत मिसळते. बोटांना हायड्रोकॉर्टिसोनचे मलम लागलेले असले आणि नळीला बोट लागले, तर आकडा भलताच येतो. लाळग्रंथींतील एक विकर बऱ्याचशा कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. मोजण्याच्या काही पद्धतींना या दोन रेणूंतील फरक नीट ओळखता येत नाही. हेच विकर ज्येष्ठमधातील द्रव्याने मंदावते. त्यामुळे घशासाठी ज्येष्ठमधाची काडी चघळणाऱ्याच्या लाळेत कॉर्टिसॉल जास्त दिसू शकते. ग्रंथीचा त्यात काही संबंध नसतो.

वेळेची अडचण याहून मोठी. २००३ साली कुडिएल्का व सहकाऱ्यांनी नमुन्यांच्या बाटल्यांना झाकण उघडल्याची वेळ नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. काही जणांनी सांगितलेली वेळ पाळली नव्हती आणि त्यांचे दिवसभराचे आलेख वेळ पाळणाऱ्यांपेक्षा वेगळे आले. जाग आल्यावर पहिला नमुना अर्धा तास उशिरा घेतला, तर सकाळची उसळी आलेखातून गायबच होते. असा सपाट आलेख ‘थकलेल्या ग्रंथीचा’ म्हणून वाचला जाण्याची भीती उघड आहे.

तरीही हे दोष काळजी घेऊन कमी करता येतात. मूळ आक्षेप याहून खोल आहे.

चूक नेमकी कोठे आहे?

विहिरीचे उदाहरण घेऊ. एखाद्या घराने दिवसभरात दहा बादल्या पाणी शेंदले. एवढ्यावरून विहिरीला पाणी किती आहे हे सांगता येईल का? दहा बादल्यांची गरज होती म्हणून दहा शेंदल्या, इतकेच कळते. विहिरीची ताकद पाहायची तर पंप लावून उपसा करावा लागतो आणि पाणी किती भराभर परत चढते ते पाहावे लागते.

अधिवृक्क ग्रंथीचेही तसेच आहे. लाळेतील आकडा सांगतो तो त्या क्षणीचा मोकळ्या कॉर्टिसॉलचा साठा. ग्रंथीची क्षमता पाहण्यासाठी वैद्य पंपच लावतात. कृत्रिम एसीटीएचचे २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देऊन अर्ध्या किंवा एका तासाने रक्तातील कॉर्टिसॉल मोजतात. ते १०० मिलिलिटरला सुमारे १८ मायक्रोग्रॅमच्या वर चढले नाही, तर ग्रंथी कमकुवत असल्याचा संशय घेतात. मोजणीच्या नव्या, अधिक नेमक्या पद्धतींत ही सीमा काहीशी खाली येते. ‘थकव्याचे’ निदान करणाऱ्या लाळेच्या आलेखात असा उपसा कोठेच नसतो.

दुसरा मुद्दा प्रत्याभरणाचा. ग्रंथी खरोखरच थकली व कॉर्टिसॉल कमी पडू लागले, तर पीयूषिकेने काय करावे? आवाज चढवावा, म्हणजे एसीटीएच वाढवावे. थायरॉइड ग्रंथी अशक्त होऊ लागली की टीएसएच वाढते, हे आपल्यापैकी अनेकांना घरच्या तपासण्यांवरून ठाऊक आहे. अ‍ॅडिसनच्या रोगात अगदी तसेच घडते : एसीटीएच खूप वाढते, आणि त्याच्याशी निगडित रेणूंमुळे कातडी व हिरड्या काळवंडतात. तेव्हा ‘थकलेल्या’ ग्रंथीच्या सिद्धान्तातून एक स्पष्ट भाकीत निघते. अशा माणसांत एसीटीएच चढलेले सापडले पाहिजे. असे सापडते हे या मताच्या समर्थकांनी दाखवून दिलेले नाही. ज्या सिद्धान्ताचे स्वतःचे भाकीत तपासले जात नाही, तो लाळेच्या कितीही नळ्या भरल्या तरी सिद्ध होत नाही.

तिसरा मुद्दा साध्या गणिताचा. प्रयोगशाळेची ‘सामान्य मर्यादा’ बहुधा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तीत बसावेत. म्हणजे एका मोजणीत १०० पैकी ५ निरोगी माणसे मर्यादेबाहेर जाणारच. आता चार मोजण्या केल्या तर? चारही आत राहण्याची शक्यता ०·९५ चा चतुर्थ घात, म्हणजे सुमारे ०·८१. उरलेल्या १९ टक्के निरोगी माणसांचा एक तरी बिंदू बाहेर जाईल. एकाच माणसाचे चार नमुने एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल. पण दिशा हीच. त्यातून आलेखाचा ‘आकार’ पाहून निदान करायचे ठरवले, तर काहीतरी वेगळे दिसण्याच्या संधी आणखी वाढतात.

संशोधक हेच साधन वापरतात, मग त्यांना हा दोष लागत नाही का? येथे एक भेद आहे. ट्रियरसारख्या प्रयोगांत अनेक माणसांच्या सरासरीची तुलना होते, आणि सरासरीत व्यक्तिगत चढउतार एकमेकांना बऱ्याच प्रमाणात खोडतात. दहावीच्या दोन तुकड्यांची सरासरी उंची तुलनेला योग्य असते. म्हणून एका मुलाच्या उंचीवरून तो कोणत्या तुकडीतला हे सांगता येत नाही.

सेली यांच्या उंदरांनी काय दाखवले?

ताणाने ग्रंथी दमते, या कल्पनेला हान्स सेली यांचा आधार दिला जातो. सेली यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, विषारी द्रव्ये अशा वेगवेगळ्या आघातांना उंदरांच्या जातीतील प्राण्यांनी एकाच ठशाचा प्रतिसाद दिला होता. पुढे त्यांनी त्याचे तीन टप्पे मांडले : धोक्याची हाक, प्रतिकार आणि शेवटी गलितावस्था. या तिसऱ्या शब्दावरूनच ग्रंथीच्या थकव्याचे चित्र उभे राहिले.

परंतु सेली यांच्या प्राण्यांत अधिवृक्क ग्रंथी आकाराने वाढल्या होत्या. दीर्घ ताणाखाली ग्रंथीला जास्त हुकूम येतात व ती वाढते. नुसत्या श्रमाने झिजून ती रिकामी होत नाही. काही दीर्घकालीन विकारांत कॉर्टिसॉल किंचित कमी आढळते हे खरे आहे. मात्र तेथे मेंदूकडून येणारा हुकूमच बदललेला असतो, असा आज समज आहे. नळाला पाणी कमी येते म्हणून टाकी फुटली असे म्हणण्यापूर्वी तोटी कोणी फिरवली ते पाहावे.

२०१६ साली ब्राझीलमधील कॅडेजियानी आणि केटर यांनी या विषयावरील ५८ अभ्यास एकत्र तपासले. पद्धती वेगवेगळ्या, निकाल परस्परविरोधी. थकवा आणि कॉर्टिसॉल यांचा सुसंगत संबंध त्यांना सापडला नाही. एंडोक्राइन सोसायटीही ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हे निदान मान्य करत नाही.

प्रतिपक्षाचे ऐकू या

समर्थकांचा एक युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. वैद्यकशास्त्र फक्त टोकाचा आजार ओळखते, मग पूर्ण निरोगी आणि पूर्ण आजारी यांच्या मधली अवस्था नसेलच कशावरून? मधली अवस्था असते, आणि वैद्यकशास्त्र ती ओळखतेही. अ‍ॅडिसनचा रोग हळूहळू वाढतो. त्याच्या सुरुवातीला कॉर्टिसॉल अजून ठीक असते, पण एसीटीएच चढू लागलेले असते. पीयूषिकेच्या दुखण्याने किंवा दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे ग्रंथी अर्धवट मंदावल्याचीही उदाहरणे पुष्कळ आहेत. प्रश्न मधल्या अवस्थेच्या अस्तित्वाचा नाही, तिच्या पुराव्याचा आहे.

लाळेनेही असा पुरावा देता येतो, फक्त तो योग्य रीतीने मिळवावा लागतो. २०२३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथील संशोधकांनी, ज्यांना ग्रंथी कमकुवत होण्याचा खराच धोका होता अशा रुग्णांची जाग येतानाची लाळ घरून मागवली. तीतील कॉर्टिसोन मोजले आणि प्रत्येकाचा निकाल एसीटीएचच्या चाचणीशी ताडून पाहिला. खात्रीच्या कसोटीशी तुलना केल्यामुळे लाळेचा आकडा कोठे भरवशाचा व कोठे संशयाचा हे त्यांना सांगता आले. साधन तेच, पण आधी कसोटीवर घासून घेतलेले.

यात नुकसान काय?

चार नळ्या लाळेने कोणाचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. आमच्या मते बिघडते, आणि तीन प्रकारे.

पहिले, खरे कारण मागे पडते. थकवा खरा असतो. तो मनाचा खेळ आहे असे म्हणून रुग्णाला परत पाठवणारा वैद्यही दोषीच. मात्र आपल्या देशात थकव्याची ओळखीची कारणे समोर उभी आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. हिमोग्लोबिनची साधी तपासणी, थायरॉइड, मधुमेह, अपुरी झोप, नैराश्य हे सर्व सोडून लाळेच्या आलेखाकडे धावणे म्हणजे अंगणात हरवलेली किल्ली माळ्यावर शोधणे होय. खरा अ‍ॅडिसनचा रोगही असाच निसटू शकतो. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील टॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा क्षय हे त्याचे प्रमुख कारण होते. भारतात आजही ते महत्त्वाचे कारण आहे. घटते वजन, उतरलेला रक्तदाब, वारंवार ओकाऱ्या आणि काळवंडणारी त्वचा असलेल्या माणसाला ‘ग्रंथी थोडी थकली आहे’ असे सांगून पूरक गोळ्या दिल्या, तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

दुसरे, त्या गोळ्यांत काय असते? २०१८ साली अमेरिकेत ‘अधिवृक्क ग्रंथींना आधार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या १२ उत्पादनांचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झाले. सर्व बारांत थायरॉइडचे संप्रेरक सापडले आणि निम्म्याहून अधिक उत्पादनांत कोणते ना कोणते स्टेरॉइड संप्रेरक.

तिसरा तोटा सर्वांत विपरीत. काही उपचारक थेट हायड्रोकॉर्टिसोन देतात. बाहेरून स्टेरॉइड येऊ लागले की पीयूषिका हुकूम देणे थांबवते आणि काही काळाने हुकमाविना ग्रंथी खरोखरच आकसते. जो रोग नव्हता तो उपचाराने निर्माण होतो. (कोणी वैद्याच्या सल्ल्याने स्टेरॉइड घेत असल्यास हे वाचून ते एकदम बंद करू नये, तसे करणे धोक्याचे असते.)

वर्गात काय करता येईल?

अकरावी-बारावीच्या वर्गात हे प्रकरण चांगले रंगते. एका डब्यात एकसारख्या २० चिठ्ठ्या टाकाव्यात, त्यांपैकी एक लाल. प्रत्येक विद्यार्थ्याने चार वेळा चिठ्ठी काढावी व दर वेळी ती परत टाकावी. एकदा तरी लाल चिठ्ठी आली तर त्याला ‘थकलेला’ म्हणावे. ४० जणांच्या वर्गात सरासरीने सात-आठ ‘रुग्ण’ निघतील. मग विचारावे : यांना औषध द्यायचे का?

त्यानंतर फळ्यावर मेंदू, पीयूषिका आणि अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी काढावी. एकेक कडी तुटली, तर कोणते संप्रेरक वाढेल व कोणते घटेल, याचा तक्ता विद्यार्थ्यांनीच भरावा. ग्रंथी बिघडली तर एसीटीएच वर आणि कॉर्टिसॉल खाली. पीयूषिका बिघडली तर दोन्ही खाली. बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर एसीटीएच खाली, ग्रंथी लहान. तक्ता पूर्ण झाल्यावर त्यात ‘थकलेल्या ग्रंथी’ची ओळ कशी भरायची, हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. एसीटीएचच्या रकान्यापाशी मुले थांबतील. तेथे काय लिहायचे आणि ते खरे की खोटे हे कोणत्या तपासणीने ठरेल, हे त्यांनाच सुचवू द्यावे.